अर्ध्या मालकीची कुत्री

नवी मुंबईतल्या घणसोली गावात एखाद्या कुत्र्याकडे बोट दाखवून 'हा कुणाचा?' असं विचारलं, तर सरळ उत्तर क्वचितच मिळतं. तो झोपतो एकाच्या जिन्याखाली, सकाळची चपाती खातो दुसऱ्याच्या दारात, दुपारी मासळीवाल्या मावशींच्या पाटीजवळ बसून राहतो आणि रात्री अनोळखी माणूस दिसला की अख्ख्या आळीच्या वतीने भुंकतो. त्याला नाव असतं. चार दिवस दिसला नाही तर दोन-तीन घरांत चौकशी होते. पण त्याला रेबीजची लस कधी टोचली, त्याची नसबंदी झाली आहे का, असं विचारलं की तीच घरं एकमेकांकडे बघू लागतात.

सरकारी कागदावर हा कुत्रा 'भटका'. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली, देशभरात दीड कोटीहून जास्त. असे आकडे वाचले की डोळ्यांसमोर बेवारस टोळ्या येतात. गावठाणातलं चित्र तसं नाही. इथल्या बऱ्याच कुत्र्यांना खाऊ घालणारं घर आहे, जबाबदारी घेणारं नाही. मांजरांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. पाळीव प्राण्याची नीट काळजी घेणं आणि बेघर प्राण्याला मदत करणं हे आपण दोन वेगळे विषय समजतो. घणसोलीसारख्या गावात मात्र ते एकच काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

घणसोलीच्या पश्चिमेला कांदळवन आणि ठाण्याची खाडी आहे, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीचा पट्टा आणि त्यामागे गवळीदेवाचा डोंगर. आगरी-कोळ्यांचं हे गाव एके काळी भातशेतीवर आणि खाडीवर जगलं. तेव्हा कुत्र्याला काम होतं. खळ्यावर राखण करायची, कोंबड्यांजवळ रानमांजर फिरकू द्यायचं नाही, रात्री खाडीवरून येणाऱ्या माणसाची चाहूल घरात पोहोचवायची. 17 मार्च 1970 रोजी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि घणसोलीची शेती त्यात गेली. पुढे जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, गावठाणाच्या कडेने गरजेपोटी बांधलेली घरं उभी राहिली, ओट्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या. 1992 पासून नवी मुंबई महानगरपालिका कारभार पाहू लागली. 2004 मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि भाडेकरूंची वर्दळ वाढली. या सगळ्यात कुत्रा गावातच राहिला, पण त्याचं अंगण गेलं आणि कामही गेलं.

भाड्याच्या घरांमुळे आणखी एक गोष्ट घडली. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं कुटुंब मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणतं. पुढचा घरमालक 'कुत्रा चालणार नाही' म्हणतो. टेम्पोत सामान चढतं आणि कुत्रा जुन्या गल्लीत राहतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडायचं ठाऊक नसतं, आळीतल्या कुत्र्यांसमोर शेपूट घालायची की दात दाखवायचे हेही त्याला कळत नाही. पहिल्या काही दिवसांतच तो गाडीखाली येतो, मार खातो किंवा भेदरून कुणाला तरी चावतो. ज्याने त्याला सोडलं त्याच्या नावावर यातलं काहीच नोंदलं जात नाही.

कायद्याने हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या 11 व्या कलमात, उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं क्रूरतेतच धरलं आहे. शिक्षा मात्र त्या काळातलीच राहिली आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत. एवढ्या रकमेत आज एक इंजेक्शनसुद्धा येत नाही. म्हणून कायद्याच्या धाकापेक्षा शेजाऱ्यांची नजर इथे जास्त कामाची आहे, आणि गावठाणात ती नजर अजून शाबूत आहे.

आता कुत्री वाढतात कशी ते पाहू. मादी साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते. गर्भ सुमारे 63 दिवसांचा असतो, एका वेतात चार ते सहा पिल्लं सहज होतात आणि वर्षाला दोन वेतं होऊ शकतात. एवढं ऐकून लोक गुणाकार करत बसतात आणि दहा वर्षांत लाखो कुत्री होतील असं सांगतात. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण बहुतेक पिल्लं मरतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये 95 वेतांतल्या 364 पिल्लांचा मागोवा घेतला. त्यांचा 2016 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की प्रजननाच्या वयापर्यंत जेमतेम 19 टक्के पिल्लं जगली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. म्हणजे नसबंदी न करता मादीला फक्त खाऊ घालत राहणं याचा अर्थ वर्षातून दोनदा मरणासाठी पिल्लं जन्माला येऊ देणं. 'बिचारीला कशाला ऑपरेशन?' असं म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांना मला हेच सांगायचं आहे. दया करायची असेल तर ती ऑपरेशनपासूनच सुरू करावी लागेल.

मारून टाकण्याचा उपाय मुंबईने फार आधी आणि फार काळ करून पाहिला आहे. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. कंपनी सरकारने मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम लावलं होतं आणि शिपाई घराघरांच्या दारातली कुत्री मारू लागले होते. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले आणि बाजार बंद पडले. पुढे दीडशेहून अधिक वर्षं शहरात कुत्री मारणं चालूच राहिलं. अखेर 1994 मध्ये मुंबई महापालिकेने ते थांबवून नसबंदीची वाट धरली. दया हे त्याचं एक कारण होतं, पण मारून संख्या कमी होत नाही हा अनुभवही त्यामागे होता.

ती कमी का होत नाही? कुत्रा आपला इलाखा राखतो. एका गल्लीत किती कुत्री राहणार हे तिथे मिळणाऱ्या खाण्यावर ठरतं. चिकनच्या दुकानामागचे अवशेष, मासळी बाजारातला कचरा, इमारतीखाली उघड्या पडलेल्या पिशव्या जशाच्या तशा राहिल्या आणि त्यावर जगणारी चार कुत्री उचलून नेली, तर रबाळे किंवा कोपरखैरणेच्या बाजूने दुसरी चार येतात. नवी कुत्री कुणाला ओळखत नाहीत, त्यांना लस टोचलेली नसते, जागेसाठी ती आपसात भांडतात आणि त्या भांडणांत माणसंही चावली जातात. याउलट नसबंदी आणि लस झालेली जुनी कुत्री आपल्या जागी राहिली, तर ती बाहेरच्यांना आत येऊ देत नाहीत आणि स्वतः वाढतही नाहीत.

हीच पद्धत आता देशभर नियमात आहे. आधी 2001 चे नियम होते, त्यांच्या जागी मार्च 2023 मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडणं, नसबंदी करणं, रेबीजची लस टोचणं आणि जिथून उचललं तिथेच परत सोडणं हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप दिलेला असतो, ती त्याची खूण. त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही त्याच्या मालकाची जबाबदारी आहे. पालिकेची गाडी आली की आळीतला 'आपला' कुत्रा घरात ओढून घ्यायचा आणि गाडी गेल्यावर पुन्हा मोकळा सोडायचा, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. कार्यक्रम अपुरा पडण्याचं हे मोठं कारण आहे. कुत्रा तुमचा असेल तर नसबंदी तुम्ही करा, नसेल तर गाडीला नेऊ द्या. तिसरी वाट आपण ठेवू नये.

हा उपाय धीराचा आहे हेही मान्य करायला हवं. मुंबईत 2014 च्या मोजणीत सुमारे 95 हजार भटकी कुत्री आढळली होती आणि दहा वर्षांनंतरच्या मोजणीत सुमारे 91 हजार. शहर एवढं वाढूनही संख्या वाढली नाही, हे यशच. पण ज्याच्या मुलाला शाळेच्या वाटेवर कुत्रा चावला त्याला हा आकडा दाखवून चालणार नाही. त्याचा राग खरा आहे. प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्यांनी तो राग आधी ऐकून घ्यायला शिकलं पाहिजे.

2025 साली हा राग सर्वोच्च न्यायालयातही पोहोचला. 11 ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात बदल केला. नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्री मूळ जागी सोडावीत, फक्त रेबीजग्रस्त, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, आणि रस्त्यात कुठेही खाऊ न घालता प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा असावी, असं त्यात म्हटलं होतं. 7 नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारांतून कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. घणसोलीत याचा सरळ अर्थ असा, की शाळेच्या फाटकाजवळ आणि स्टेशनच्या जिन्याशी खाऊ घालणं बंद करून आपण त्यासाठी दुसरी जागा शोधायला हवी.

या साऱ्या वादाच्या मुळाशी भीती आहे ती रेबीजची, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसं रेबीजने मरतात आणि त्यातले एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. बळींमध्ये मुलांचं प्रमाण मोठं असतं. मूल बुटकं असतं, त्यामुळे चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो, आणि ओरडा मिळेल म्हणून ते घरी सांगतही नाही. चाव्यातून शिरलेला विषाणू रक्तातून पसरत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने, दिवसाला थोडं थोडं अंतर कापत मेंदूकडे सरकतो. जखम मेंदूच्या जितकी जवळ, तितका वेळ कमी. साधारण दोन-तीन महिन्यांत लक्षणं दिसतात, कधी आठवड्यातच तर कधी वर्षानेही. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास नाहीच. पण विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी उपचार पूर्ण झाले तर माणूस वाचतो. 1885 च्या जुलैत लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली आणि तो वाचला, तेव्हापासून हे माणसाला माहीत आहे.

म्हणून चावा बसला, ओरखडा उमटला किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली तर पहिलं काम घरातच करायचं. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण आपण धुतो ती दोन मिनिटंच असतात. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि साबणाने ते फुटतं. हळद, मिरची, चुना, घासलेट, तंबाखू यातलं काहीही लावायचं नाही. नंतर लगेच सरकारी रुग्णालय गाठायचं, तिथे लस मोफत मिळते. त्वचेत टोचायच्या पद्धतीत पहिला दिवस 0 धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी मात्रा असतात. स्नायूत टोचायची असेल तर पाच मात्रा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. ते द्यायचं राहून गेलं तर आपण स्वतःहून विचारायला हवं. कुत्रा घरचा असला किंवा पिल्लू असलं म्हणून उपचार टाळायचे नाहीत. दहा दिवस त्या कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे. दुसऱ्या इंजेक्शननंतर बरं वाटतंय म्हणून पुढची चुकवणारे लोक मी पाहिले आहेत. तो निष्काळजीपणा जीव घेऊ शकतो.

घणसोलीला रेबीजचा आणखी एक पदर आहे. खाडीकाठच्या कांदळवनात कोल्हे राहतात. 2024 मध्ये खाडीपलीकडे चेंबूर-ट्रॉम्बे भागात आजारी सापडलेल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता. कांदळवनाच्या कडेला टाकलेल्या कचऱ्यावर गावची कुत्री आणि कोल्हे एकत्र येतात आणि आजार एकमेकांना देऊ शकतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 मध्ये रामसर यादीत गेलं, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच्या कडेला राहणाऱ्या कुत्र्यांना लस टोचणं हाही त्या अभिमानाचाच भाग मानायला हवा.

हे सगळं शक्य आहे का? गोव्याने करून दाखवलं आहे. 2013 पासून तिथे राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून मोहीम चालवली. जाळी आणि सिरिंज घेतलेली पथकं गल्लोगल्ली फिरली आणि कुठल्या वाडीत किती कुत्री टोचली याची नोंद मोबाइलवर ठेवली गेली. 2019 पर्यंतच्या कामाचा अभ्यास 2022 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. वर्षाला सुमारे 95 हजार कुत्र्यांना लस, एकूण कुत्र्यांपैकी 70 टक्के टोचलेली, शाळांमधून दीड लाख मुलांपर्यंत माहिती. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक घटना 92 टक्क्यांनी घटल्या आणि माणसांमधले मृत्यू थांबले. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. 70 टक्के हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तेवढ्या कुत्र्यांना लस असली की साखळी तुटते. गल्लीत दहा कुत्री असतील तर त्यातली सात. हे काम एका आळीच्या आवाक्याबाहेरचं खचितच नाही.

आता घरातल्या प्राण्याकडे येऊ. पिल्लू आणण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न साधेच आहेत. पुढची दहा-बारा वर्षं हा माझ्याकडे राहील का? करार संपल्यावर कुठे जाईन? गावी गेलो, बाळंतपण आलं, नोकरी बदलली तर कोण बघेल? यांची उत्तरं नसतील तर पिल्लू आणू नये. तेवढ्याने कुणी वाईट माणूस ठरत नाही. हस्कीसारखी बर्फातली जात घणसोलीच्या मे महिन्यात आणणं मात्र मला क्रूरच वाटतं. पगचं नाक इतकं चपटं असतं की दमट उन्हात त्याला श्वास पुरत नाही. आपल्या मातीतला देशी कुत्रा या हवेला सरावलेला आहे, आजार कमी, खर्चही कमी, आणि पिल्लू हवं असेल तर ते आळीतच आहे. विकत घ्यायचंच असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या नियमांनी बंद आहे, हे विक्रेत्याला ठणकावून सांगा. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू आजारीही पडतं आणि चावरंही होतं.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, तिसऱ्या महिन्यात रेबीजची आणि पुढे दरवर्षी बूस्टर. या मात्रा पूर्ण होईपर्यंत त्याला गल्लीत फिरवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. पावसाळ्यात लेप्टोचा धोका दुहेरी असतो. उंदरांच्या मूत्रातून तो साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्यासाठी त्याची लस मिळते. पालिकेकडे कुत्र्याची नोंद करून परवाना घेणं बंधनकारक आहे, आणि त्याच्या गळ्यात तुमचा फोन नंबर असलेला पट्टा असला तर दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा घरी परत येऊ शकतो. फिरवताना पट्टा हातात हवा, आणि मागून विष्ठा उचलायला कागद. शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणं या एका कागदाने मिटतात. आपल्या निष्काळजीपणामुळे आपला प्राणी कुणाच्या जिवाला अपाय करेल अशी वेळ आली, तर भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे, सोसायटीने बहुमताचा ठराव करून प्राणी पाळण्यावरच बंदी घालणं हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही.

कुत्र्या-मांजरांपलीकडचंही थोडं सांगायला हवं. पिंजऱ्यातला पोपट हा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्षी आहे, तो पाळणं गुन्हा आहे. आणि छोट्या काचपेटीत मिळणारं, कानाशी लाल पट्टा असलेलं कासव अमेरिकेतलं असतं. विकत घेताना ते नाण्याएवढं दिसतं, मग फूटभर वाढतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळून लोक ते तळ्यात सोडून देतात आणि पुण्य केल्याचं समाधान मानतात. तिथे ते देशी कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. गुणाली तलावात किंवा दुसऱ्या कुठल्याही तळ्यात असं कासव सोडू नका.

मदत करायची इच्छा असणाऱ्यांची घणसोलीत कमतरता नाही, पद्धत मात्र सुधारायला हवी. खाऊ रोज एकाच वेळी, एकाच जागी, मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यांपासून दूर, वर्दळ कमी असताना घालावा, आणि उरलेलं उचलून मगच निघावं. 2023 च्या नियमांची अपेक्षा हीच आहे. सीवूड्समधल्या एका मोठ्या वसाहतीत कुत्र्यांना खाऊ घालण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. चार माणसांनी बसून जागा आणि वेळ ठरवली तर गावात तशी पाळी येणार नाही. बिस्किटांपेक्षा मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेला भात आणि त्यात कोंबडीचे किंवा मासळीचे काटे-हाडं काढलेले तुकडे बरे. सुकट-जवळ्याचं उरलेलं खारट कालवण नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. चॉकलेट आणि द्राक्षं विषासारखी. उन्हाळ्यात जड सिमेंटच्या कुंडीत रोज बदललेलं पाणी ठेवणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी मदत.

एकटी पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते, दोन-तीन तास लांबून पाहा. ती परतली तर तिलाच खाऊ घाला. खरोखर अनाथ असतील तर आधी ऊब द्या, गाईचं दूध मात्र नको, त्याने जुलाब होतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते. जखमी कुत्र्याजवळ जाताना समोरून वाकू नका, कारण दुखणारा प्राणी ओळखीच्या हातालाही चावतो. चादर टाकून, तोंड सैल बांधून मग उचला आणि मोठ्या जखमेला घरगुती औषध न लावता पशुवैद्याकडे न्या. पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, मांजराची पिल्लं इंजिनाच्या उबेला बसलेली असतात.

तक्रार केल्याने काय होतं, असं म्हणणाऱ्यांना तळोज्याची आठवण द्यावीशी वाटते. 2017 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एमआयडीसीत निळी कुत्री दिसू लागली. कासाडी नदीत सोडलेल्या रंगीत सांडपाण्यात ती खाणं शोधत उतरत होती. नवी मुंबईतल्या प्राणिप्रेमींनी फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली आणि मंडळाने तो कारखाना बंद केला. घणसोलीच्या पाठीलाही कारखान्यांचा पट्टा आहे. कुत्र्यांच्या अंगावर जे दिसतं ते आपल्याच नाल्यांत वाहत असतं.

गावठाणाकडे एक गोष्ट आहे, जी टॉवरांकडे नाही. इथे प्रत्येक कुत्रा कुणीतरी ओळखतो. म्हणून सुरुवात वहीपासून करता येईल. आळीतल्या दोन तरुणांनी आणि कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या मावशींनी मिळून आपल्या कुत्र्यांची यादी करावी. नर की मादी, कानाला काप आहे की नाही, लस कधी, कुणाच्या दारात असतो. प्रत्येक नावापुढे एका घराचं नाव लिहावं, आणि त्या घराने ते मान्य करावं. काप नसलेल्यांची यादी घणसोली विभाग कार्यालयात लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि गाडी येईल त्या दिवशी कुत्रा धरून द्यायला त्याच्या ओळखीचा माणूस हजर ठेवावा. ओळखीच्या हाताने धरलेला कुत्रा घाबरत नाही आणि पथकाचा निम्मा वेळ वाचतो. शस्त्रक्रियेनंतर तो त्याच आळीत परत आला का, हेही वहीत नोंदवावं. चिकन-मटणाच्या आणि मासळीच्या विक्रेत्यांशी कचऱ्याच्या बंद डब्यांबद्दल गावकीने बोलावं. बाहेरच्या अधिकाऱ्यापेक्षा गावातल्या शब्दाला तिथे जास्त वजन आहे.

28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. येत्या 28 सप्टेंबरपर्यंत आपल्या आळीतल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस टोचून घ्या. तुमच्या घरातल्या कुत्र्याचा परवाना आणि यंदाचा बूस्टर राहिला असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करा.